पाँडिचेरी की तरंगंबाडी?

थंडीच्या सुट्टीत समुद्राकाठी जायचं आहे, गोवा पुष्कळदा झाला आहे आणि जुनी युरोपीय घरं, चर्चं, किल्ले बघायची हौस आहे, असं म्हटलं की लोक लगेच पाँडिचेरीचं नाव सुचवतात. तरंगंबाडी सुचवणारं फारसं कुणी भेटत नाही. दोन्ही गावं कोरोमंडल किनाऱ्यावर आहेत आणि त्यांच्यात जेमतेम सव्वाशे किलोमीटरचं अंतर आहे. पाँडिचेरीत फ्रेंच होते, ते १९५४ पर्यंत टिकले. तरंगंबाडीत डेन्मार्कचे व्यापारी होते, ते १८४५ मध्येच गाव विकून निघून गेले.

आम्ही तिघी निघालो होतो, आई, ताई आणि मी. ताईला पाँडिचेरी हवी होती, मला तरंगंबाडी. आईचं म्हणणं एवढंच की जिथे न्याल तिथे जिने कमी असावेत. दादरहून चालुक्य एक्सप्रेस थेट पाँडिचेरीपर्यंत जाते, दोन रात्री गाडीत काढायची तयारी हवी. तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि वादळंही त्याच दिवसांत येतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत या किनाऱ्यावर जाऊ नये, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. आणखी एक गोष्ट कोकणचा समुद्र बघत वाढलेल्यांनी मनाशी धरून जावी: इथे सूर्य समुद्रातून वर येतो. संध्याकाळी वाळूत बसून पाण्याकडे बघितलं, तर उजेड पाठीमागे मावळत असतो. आईला हे पहिल्या दिवशी काही केल्या पटेना.

पाँडिचेरी देखणी आहे, हे आधीच कबूल करते. समुद्राला समांतर गेलेल्या सरळ गल्ल्या, पिवळ्या आणि पांढऱ्या भिंती, त्यांच्यावरून ओसंडणारी बोगनवेल, निळ्या पाट्यांवर तमिळ आणि फ्रेंच अशा दोन भाषांत लिहिलेली रस्त्यांची नावं. द्यूमा, सफ्रें, रोमां रोलां. पोलिसांच्या डोक्यावर अजून लाल फ्रेंच टोपी असते. संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता वाहनांना बंद करतात आणि अख्खं गाव तिथे चालायला येतं. दीड किलोमीटर सपाट रस्ता, जागोजागी बसायला बाकं, हातात शेंगांची पुडी. आईला ही जागा एवढी आवडली की रोज संध्याकाळी तिला दुसरीकडे कुठे न्यायची सोयच राहिली नाही.

या गल्ल्या दिसतात तेवढ्या जुन्या मात्र नाहीत. १७६१ च्या जानेवारीत इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकली आणि किल्ल्यासकट गाव पाडून टाकलं. दोन वर्षांनी तहात गाव फ्रेंचांना परत मिळालं आणि १७६५ पासून ते पुन्हा उभं राहिलं. म्हणजे फ्रेंच गव्हर्नर डुप्लेने ज्या पाँडिचेरीतून अर्ध्या दक्षिणेचं राजकारण हलवलं, तिचा एकही फ्रेंच वाडा आज दिसत नाही. त्या काळाचं जिवंत चित्र मिळतं ते आनंद रंग पिळ्ळै यांच्या रोजनिशीत. हे डुप्लेचे दुभाषे आणि मुख्य दलाल. १७३६ पासून मरेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, त्यांनी तमिळमध्ये रोजच्या घडामोडी टिपून ठेवल्या. त्यांचं घर आजही आहे, खाली तमिळ धाटणीचे लाकडी खांब आणि वर फ्रेंच पद्धतीचे स्तंभ. पण ते कालव्याच्या पलीकडे, बाजाराच्या गर्दीत आहे. बहुतेक पाहुणे कालवा ओलांडतच नाहीत.

हा कालवा म्हणजे जुन्या पाँडिचेरीची खरी रेघ. समुद्राकडच्या बाजूला गोऱ्यांची वस्ती, आतल्या बाजूला काळ्यांची, आणि फ्रेंच कागदपत्रांतही तीच नावं होती. आज समुद्राकडच्या बाजूला कॅफे, बेकऱ्या आणि महागडी निवासगृहं आहेत. पलीकडे वैश्य वीथीसारख्या गल्ल्यांत तमिळ घरं आहेत, रस्त्यालगत लाकडी खांबांची ओसरी, वाटसरूला बसायला ओटा, आत चौक. मला ती घरं पिवळ्या भिंतींपेक्षा कितीतरी आवडली. सकाळी ओट्यावर बसून फुलांचे गजरे ओवणाऱ्या बायका दिसतात, दारात कोलम काढलेलं असतं. शनिवार-रविवारी चेन्नई आणि बंगळूरहून गाड्यांच्या रांगा येतात, त्या सगळ्या समुद्राकडच्या त्या चार गल्ल्यांत शिरतात. प्रत्येक पिवळ्या भिंतीपुढे कुणीतरी फोटोसाठी उभं असतं. आम्ही उतरलो होतो त्या निवासगृहात खोलीचं भाडं शुक्रवारी रात्री एकदम चढलं. ताईने तक्रार केली, पण दुसरीकडे खोली नव्हती.

मराठी माणसासाठी पाँडिचेरीत एक धागा आहे, आणि तिथल्या एकाही फलकावर तो सापडत नाही. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले, जिंजीचा किल्ला घेतला आणि वेलोरला वेढा घातला. त्या वेळी पाँडिचेरीची वखार नुकतीच बाळसं धरत होती आणि तिचा कारभार फ्रांस्वा मार्तें बघत होता. त्याला घोर पडला, कारण आसपासचा मुलूख आता महाराजांचा होऊ घातला होता. त्याने जर्में नावाचा वकील महाराजांच्या छावणीत पाठवला. त्या छावणीत थाटमाट नव्हता, बायका नव्हत्या, सामानसुमान नव्हतं, साध्या कापडाचे दोनच तंबू होते, एक महाराजांचा आणि एक पेशव्यांचा, ही नोंद मार्तेंच्या आठवणींत आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंचांना आपल्या वखारीसाठी अभय हवं होतं आणि ते त्यांना मराठ्यांकडून मिळालं. समुद्राकाठी गांधीजींचा उंच पुतळा आहे, त्याच्याभोवती कोरीव दगडी खांब उभे आहेत. हे खांब जिंजीहून आणलेले. आम्ही गेलो तेव्हा त्या खांबांना टेकून मुलं भेळ खात होती. जिंजी इथून सत्तर किलोमीटरवर आहे. पाँडिचेरीला जाणाऱ्या मराठी माणसाने निदान एक दिवस तिकडे काढावा, एवढी माझी कळकळ आहे.

पाँडिचेरीने परागंदा माणसांना थारा दिला, हेही विसरून चालणार नाही. इंग्रजांचं वॉरंट इथे चालत नव्हतं. म्हणून कवी सुब्रह्मण्य भारती १९०८ मध्ये इथे आले आणि दहा वर्षं राहिले. अरविंद घोष १९१० मध्ये आले आणि परत गेलेच नाहीत. भारतींचं घर आता स्मारक आहे. अरविंदांच्या आश्रमात समाधीपाशी एवढी शांतता असते की आई तिथे तासभर नुसती बसून राहिली. नंतर फ्रेंचांनाही जावं लागलं. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये कीळूर गावात १७८ लोकप्रतिनिधींनी मतदान केलं, १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने कौल दिला. १ नोव्हेंबरला कारभार भारताच्या हाती आला. फ्रान्सच्या संसदेची कायदेशीर मान्यता मिळायला १९६२ साल उजाडलं.

समुद्राचं मात्र पाँडिचेरीत वाईट झालं. समुद्रकिनारी सुट्टी म्हणून जाणाऱ्यांना कुणीतरी हे आधी सांगायला हवं. गावाच्या दक्षिणेला १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदर बांधलं, त्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येणारी वाळू अडली आणि गावासमोरचा वाळूचा किनारा धुपून गेला. आज त्या सुंदर रस्त्याखाली काळ्या दगडांची रास आहे. अलीकडे पाण्यात बांध घालून थोडी वाळू परत आणली आहे, पण ती गावाच्या एका टोकालाच. पाण्यात पाय भिजवायचे तर रिक्षा करून गावाबाहेर जावं लागतं. जुन्या इमारतीही ढासळत आहेत. किनाऱ्यावरचं जुनं मेरीचं, म्हणजे नगरपालिकेचं, दिमाखदार कार्यालय २०१४ च्या पावसात कोसळलं. आता तिथे तशीच्या तशी नवी इमारत उभी आहे. ती बघताना मला हळहळ वाटली, कारण तिच्याकडे बघून जुनी कोसळली हे नव्या माणसाला कळणारसुद्धा नाही.

तरंगंबाडीचा रस्ता कडलूर, चिदंबरम, सीर्काळी असा जातो. कडलूरला सगळे वेगाने पुढे निघतात, पण तिथे थोडं थांबावं. जिंजीत राजाराम महाराजांना झुल्फिकारखानाने वेढलं होतं आणि पैशाची विलक्षण चणचण होती. अशा वेळी, १६९० मध्ये, मराठ्यांनी कडलूरजवळचा किल्ला इंग्रजांना विकला. करार असा होता की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथवर पोहोचेल तिथवरची जमीन विकत घेणाऱ्याची. इंग्रजांनी चहूबाजूंना गोळे टाकून आसपासची गावं पदरात पाडून घेतली. तोच पुढे त्यांचा सेंट डेव्हिडचा किल्ला झाला आणि काही काळ तिथून त्यांचा या किनाऱ्यावरचा सगळा कारभार चालला. ही ठाणी परक्यांनी लढून घेतली, असं शाळेत शिकल्यापासून माझ्या डोक्यात होतं. इथे आल्यावर दिसतं की त्यांतली पुष्कळ सनदेवर, खंडावर किंवा रोख पैसे देऊन मिळाली होती, आणि देणाऱ्यांमध्ये आपलेही लोक होते. हे कळलं की पिवळ्या भिंतींकडे बघण्याची नजर बदलते. मला ती बदलणं फार गरजेचं वाटतं.

तरंगंबाडीला पोहोचलो ती दुपार होती. गावात शिरताना पांढरी वेस लागते, १७९२ मध्ये बांधलेली, वर डॅनिश राजाची मुद्रा. वेशीतून सरळ रस्ता समुद्राकडे जातो, त्याला राजाचा रस्ता म्हणतात. डावी-उजवीकडे दोन चर्चं, काही जुने बंगले, एक शाळा, कुठे पडकी भिंत आणि तिच्यात उगवलेला पिंपळ, आणि रस्ता संपतो तिथे वाळूत उभा असलेला डॅन्सबोर्ग किल्ला. वेशीपासून किल्ल्यापर्यंत आम्ही आईला धरून हळूहळू चालत गेलो, तरी अर्धा तास लागला नाही. सायकलवरून जाणारी शाळकरी मुलं, सावलीत झोपलेली दोन कुत्री आणि आम्ही तिघी, याशिवाय रस्त्यावर कुणी नव्हतं.

किल्ल्याची गोष्ट अशी. डेन्मार्कच्या राजाने, चौथ्या ख्रिश्चनने, १६१६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढायला परवानगी दिली. ओव्हे गेड्डे नावाचा जेमतेम पंचविशीतला दर्यासारंग जहाजं घेऊन निघाला. आधी सिलोनमध्ये डाळ शिजली नाही, मग तो इकडे आला. तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्याशी नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला आणि हे मच्छीमारांचं गाव वार्षिक खंडावर डॅनिशांना मिळालं. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं पत्र पाठवलं, ते कोपनहेगनच्या अभिलेखागारात अजून जपून ठेवलं आहे. नायकांचं राज्य गेलं आणि तंजावर व्यंकोजीराजांच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या, हाती आलं. डॅनिशांनी करार त्यांच्याकडून नवा करून घेतला. तेव्हापासून पुढची सव्वाशे वर्षं हा किल्ला तंजावरच्या मराठ्यांना खंड देऊन उभा होता.

डॅनिशांची कंपनी मुळातच गरीब. पहिल्या काही वर्षांनंतर मायदेशातून जहाजं येणं कमी झालं, मग थांबलंच. १६५० मध्ये कंपनी मोडीत निघाली. किल्ल्यातले लोक तापाने मेले, काही निघून गेले. १६५५ च्या सुमारास तिथे एकच डॅनिश माणूस उरला, एस्किल्ड अँडरसन कोंग्सबाक्के. खानदानी नव्हता, शिकलेला फारसा नव्हता. नायकांच्या फौजा गावावर चाल करून येत होत्या. त्याने स्थानिक माणसं आणि मिश्र वंशाचे पोर्तुगीज जमवले, गावाभोवती तट बांधला, आणि किल्ल्यावरचा झेंडा उतरू दिला नाही. डेन्मार्कला तो पत्रं पाठवत राहिला. १६६९ मध्ये ‘फारो’ नावाचं जहाज आलं, तेव्हा एवढ्या वर्षांनीही किल्ल्यावर डॅनिश निशाण फडकताना खलाशांनी पाहिलं. मग त्याला रीतसर गव्हर्नर नेमलं. किल्ल्याच्या वरच्या मजल्यावरून समुद्राकडे बघताना मी ही गोष्ट ताईला सांगितली. ती म्हणाली, “घरी परत जायचं सोडून त्याने हे कशासाठी केलं असेल?” याचं उत्तर मलाही देता आलं नाही, पण ज्या कठड्याशी आम्ही उभ्या होतो, तिथून तो जहाजाची वाट बघत असणार, एवढं मात्र मनातून जात नव्हतं.

किल्ला मोठा नाही. खालच्या मजल्यावर कोठारं, तुरुंग, दारूगोळ्याच्या खोल्या. वर गव्हर्नरची आणि धर्मगुरूची जागा, जाड भिंती, उंच घुमटाकार छतं आणि समुद्राचा वारा थेट आत. तिथल्या लहानशा संग्रहालयात डॅनिश चिनीमातीची भांडी, तमिळ कागदपत्रं, दगडी मूर्ती, नाणी असं सगळं एकत्र मांडलेलं आहे. मांडणी साधी आहे, काही चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या आहेत, पण एकेका वस्तूपाशी हवा तेवढा वेळ उभं राहता येतं.

याच किल्ल्याच्या तुरुंगात बार्तोलोमेउस झीगनबाल्ग चार महिने डांबलेला होता. हा जर्मन धर्मप्रसारक. डेन्मार्कच्या राजाने त्याला पाठवलं, तो आणि प्लुट्शाव असे दोघे जुलै १७०६ मध्ये इथे उतरले. गव्हर्नरला धर्मप्रसारक नको होते, व्यापारात खोडा येईल म्हणून, आणि त्या वैरातून ही कैद घडली. तोवर झीगनबाल्ग तमिळ शिकला होता. पंतोजींना आपल्या घरी शाळा भरवायला सांगून, मुलांबरोबर मांडी घालून, वाळूत बोटाने अक्षरं गिरवून तो शिकला. त्याने ताडपत्रांवरच्या तमिळ पोथ्या गोळा केल्या. दक्षिणेतल्या देवदेवतांवर १७१३ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. जर्मनीतल्या त्याच्या वरिष्ठांनी तो छापायला नकार दिला. मूर्तिपूजा उखडायला पाठवलं आहे, ती लिहून काढायला नाही, असं त्यांचं म्हणणं. तो ग्रंथ मद्रासला १८६७ मध्ये छापला गेला. त्याच्या धर्मांतराच्या खटपटीबद्दल वाचकाचं काहीही मत असो, परक्या मुलखात दुसऱ्याची भाषा त्याने ज्या कष्टाने आपलीशी केली, त्यापुढे माझी मान लवते. १७१२-१३ मध्ये त्याने इथे छापखाना उभा केला, तमिळ टाइप आणवले, पुढे इथेच ओतले. तमिळ ‘नवा करार’ इथे छापला. शेजारच्या पोरैयारला कागदाची गिरणीसुद्धा काढली. १७१९ मध्ये, छत्तीस वर्षांचा असताना, तो गेला. आदल्याच वर्षी पुरं झालेल्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्याची कबर आहे. चर्च उघडं होतं, आत झाडू मारणाऱ्या बाईंनी हाताने खूण करून कबर दाखवली.

मराठी वाचकाला याचं काय, असं कुणी विचारेल. माझ्या लेखी तरंगंबाडीचं पारडं इथेच जड होतं. आपली मराठी पहिल्यांदा देवनागरी टाइपात छापली गेली त्याची मुळं डॅनिश झेंड्याखाली आहेत. बंगालमध्ये श्रीरामपूर ही डॅनिशांची दुसरी वसाहत होती. इंग्रजांच्या कंपनीला आपल्या मुलखात धर्मप्रसारक नको होते, म्हणून विल्यम कॅरी आणि त्याचे सोबती १८०० मध्ये श्रीरामपूरला डॅनिशांच्या आश्रयाला गेले. तिथल्या छापखान्यातून १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण बाहेर पडलं. त्याला मदत करणारे पंडित होते वैजनाथशास्त्री. दुसरा धागा याहून जवळचा. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ हा धर्मप्रसारक १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरला, पुढे तंजावरला गेला, आणि दत्तक राजपुत्र सरफोजी यांचा पालक झाला. राजवाड्यातल्या भाऊबंदकीत सरफोजींचा जीव आणि शिक्षण दोन्ही जपायचं काम त्याने केलं. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि त्यांनी राजवाड्यात ‘नवविद्या कलानिधी’ नावाचा देवनागरीचा छापखाना घातला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत तिथे इसापाच्या गोष्टींचं मराठी रूप, ‘बालबोध मुक्तावली’, छापलं गेलं. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि छापखाना नव्हता.

हे सगळं डोक्यात असलं की तरंगंबाडीच्या रिकाम्या रस्त्यावरून चालताना पावलं अडखळतात. प्रत्येक दार कुठल्यातरी दुसऱ्या दाराशी जोडलेलं दिसतं.

किल्ल्याच्या उत्तरेला समुद्रावरच मासिलामणिनाथाचं देऊळ आहे. १३०६ मधलं, पांड्य राजाने बांधलेलं, म्हणजे डॅनिश यायच्या तीनशे वर्षं आधीचं. त्याच्या पुढचे मंडप समुद्राने गिळले. उरलेलं देऊळ पाण्यापासून हाकेच्या अंतरावर उभं आहे, आणि भरतीला लाटा पायाशी येऊन आदळतात. आता दगडांचा बांध घातला आहे, मागे देवळाचा नवा भागही बांधला आहे. गावात परके आले-गेले, पण खरा धनी समुद्रच आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा इथली मच्छीमारांची वस्ती उद्ध्वस्त झाली आणि खूप माणसं गेली. डॅन्सबोर्ग उभा राहिला. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला आम्ही खुणेने विचारलं, पाणी कुठवर आलं होतं? त्याने हात आधी स्वतःच्या डोक्याच्या वर नेला, मग लांब आतल्या घरांकडे बोट दाखवलं, आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. आईने त्याला नमस्कार केला. नंतर वाटेभर ती बोलली नाही.

तरंगंबाडीत गैरसोयी आहेत, त्या लपवणं वाचकावर अन्याय होईल. राहायची ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांतली चांगली स्वस्त नाहीत. संध्याकाळी सातनंतर गावात चहासुद्धा मिळायची मारामार. जेवायला मुख्यतः भात, सांबार आणि ताज्या माशांचं कुळंबु, शाकाहाऱ्यांना फारसा वाव नाही. मोठं रेल्वे स्थानक मयिलाडुतुरै, ते तीसेक किलोमीटर लांब. समुद्र पोहण्यासारखा नाही, ओढ फार आहे. लहान मुलांना दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल. जुने बंगले काही दुरुस्त झाले आहेत, गव्हर्नरचा बंगला डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मदतीने सावरला, पण कित्येक पडायला आले आहेत. इंग्रजांनी १८४५ मध्ये तरंगंबाडी आणि श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली. पुढे व्यापार आणि रेल्वे नागपट्टणमला गेली, गाव मागे पडलं. त्या मागे पडण्यामुळेच ते वाचलं, असं मला वाटतं. इथे नवं बांधायला कुणाला घाई नव्हती.

जवळच, पंधराएक किलोमीटरवर कारैकाल आहे, तेही फ्रेंचांनी १७३९ मध्ये तंजावरच्या मुलखातून मिळवलेलं. दोन तासांत पाहून होतं, त्याच्यासाठी मुक्काम करू नये.

ताईचं आणि माझं अजूनही पूर्ण एकमत नाही. ती म्हणते, म्हातारं माणूस आणि मुलं बरोबर असतील तर पाँडिचेरीच बरी. दवाखाना जवळ, रिक्षा मिळते, खायला काय हवं ते मिळतं, आणि संध्याकाळी बसायला तो रस्ता आहे. यातलं एक अक्षरही खोटं नाही. आईला विचारलं तर ती पाँडिचेरीच्या बाकांचं नाव घेते, पण घरी कुणी आलं की त्यांना सांगते ती गोष्ट मात्र त्या एकट्या डॅनिश माणसाची असते.

माझा कौल तरंगंबाडीला. चार दिवस हाताशी असतील तर पाँडिचेरीला एक रात्र पुरे. त्यातली सकाळ कालव्याच्या पलीकडच्या तमिळ घरांना आणि आनंद रंग पिळ्ळैंच्या दाराला द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून चिदंबरमला नटराजाचं दर्शन घ्या आणि दुपारपर्यंत तरंगंबाडी गाठा. तिथे दोन रात्री राहा. एक सकाळ किल्ल्यासाठी, एक देवळापाशी सूर्योदयासाठी ठेवा. हातात छापलेली माहिती घेऊन जा, कारण तिथे सांगणारं कुणी भेटेलच असं नाही, आणि मराठीत तर मुळीच नाही. निघताना परतीची गाडी पाँडिचेरीहून धरू नका, तंजावरहून धरा. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. तंजावरच्याच चर्चमध्ये त्यांनी श्वार्ट्‌झच्या आठवणीसाठी लंडनहून मागवलेलं संगमरवरी शिल्प आहे, मरणशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेले राजे त्यात दिसतात. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. तरंगंबाडीहून तंजावर शंभर किलोमीटर आहे, आणि गाडीने अडीच-तीन तास लागतात.